खलनायकांच्या युत्या आणि त्यांचे विघटन : अभिजात अमेरिकन कॉमिक्सच्या संदर्भात (१९४३–१९७६)

प्रस्तावना

दोन किंवा अधिक खलनायकांनी आपापसांतील हेवेदावे तात्पुरते बाजूला ठेवून नायकाविरुद्ध युती करावी, ही अमेरिकन कॉमिक्समधील एक अत्यंत लोकप्रिय कथायोजना होय. समीक्षकांनी तिच्याकडे बहुधा विक्रीची क्लृप्ती म्हणूनच पाहिले आहे. ती क्लृप्ती होती, यात शंका नाही. एका अंकाच्या किमतीत दोन किंवा सहा खलनायक मिळत असतील, तर बालवाचक तो अंक उचलणारच. तथापि, एवढ्याने विषय संपत नाही. या युत्या जवळजवळ सर्वच फुटतात, आणि त्या कशामुळे फुटतात याचे उत्तर दशकागणिक बदलत गेलेले दिसते. प्रस्तुत लेखात या बदलाचा, आणि विशेषतः त्यामागील कारणांचा, शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

मराठी वाचकाला कॉमिक्स या प्रकाराची ओळख प्रामुख्याने ‘अमर चित्र कथा’ व ‘इंद्रजाल कॉमिक्स’ यांमुळे झाली. ‘इंद्रजाल’मधील वेताळ आणि मँड्रेक हे मूळचे वृत्तपत्रीय चित्रमालिकांतील नायक. सुपरमॅन, बॅटमॅन, स्पायडरमॅन यांच्या कॉमिक-पुस्तकांची परंपरा त्याहून काहीशी वेगळी आहे. या परंपरेत खलनायक नायकाइतकाच प्रसिद्ध असतो आणि तो पुनःपुन्हा परत येतो. युतीची पूर्वअट हीच आहे, कारण पहिल्याच कथेत मरण पावणाऱ्या खलनायकाला कोणाशी युती करता येत नाही. १९४० च्या वसंतात ‘बॅटमॅन’च्या पहिल्या अंकात जोकर स्वतःच्याच खंजिराने मरावा, अशी मूळ योजना होती. संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी शेवटी एक चौकट वाढविण्यास सांगितले आणि तो जगला. पुढील सर्व युत्यांचा इतिहास एका अर्थाने या वाढीव चौकटीपासून सुरू होतो.

युद्धकाळ : आज्ञेवर उभी असलेली युती

या इतिहासातील पहिले मोठे उदाहरण म्हणजे ‘मॉन्स्टर सोसायटी ऑफ ईव्हिल’. फॉसेट या प्रकाशनसंस्थेच्या ‘कॅप्टन मार्व्हल ॲडव्हेंचर्स’मध्ये मार्च १९४३ चा २२ वा अंक ते मे १९४५ चा ४६ वा अंक अशी पंचवीस प्रकरणांची ही मालिका चालली. लेखन ऑटो बाइंडर यांचे, तर चित्रे सी. सी. बेक यांची होती. त्या वर्षांत या नियतकालिकाचा खप अंकागणिक दहा लाखांच्या वर गेलेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या कथेच्या प्रसाराची कल्पना येते.

या मंडळीत डॉ. सिव्हाना, इबॅक, कॅप्टन नाझी यांच्याबरोबर खुद्द हिटलर, मुसोलिनी व तोजो यांचीही हजेरी लागते. सर्वांचा सूत्रधार मिस्टर माइंड. आरंभी त्याचा केवळ आवाज ऐकू येतो. काही प्रकरणे उलटल्यावर उघड होते की, ज्याच्या शब्दावर हुकूमशहा हलतात तो सूत्रधार म्हणजे चष्मा घातलेली, गळ्यात ध्वनिवर्धक अडकवलेली एक क्षुद्र अळी आहे. बाइंडर यांचा विनोद येथे राजकीय भाष्याच्या अगदी जवळ जातो.

या युतीत भांडण जवळजवळ नाहीच. हुकूम सुटतो आणि तो पाळला जातो. शत्रुराष्ट्रांची आघाडी त्या काळी अमेरिकन वाचकाला जशी दिसत होती, तशीच ही संघटना रचली आहे : एक मेंदू आणि असंख्य हात. म्हणूनच तिचा शेवट आतून होत नाही, तो बाहेरून करावा लागतो. मिस्टर माइंडवर रीतसर खटला चालतो, त्याला विजेच्या खुर्चीत देहदंड दिला जातो आणि त्याचे कलेवर पेंढा भरून संग्रहालयात ठेवले जाते.

या मालिकेतील वांशिक चित्रण आज वाचवत नाही, हेही नमूद करणे आवश्यक आहे. जपानी व कृष्णवर्णीय पात्रांची विद्रूप चित्रे तीत पदोपदी आढळतात. या मालिकेच्या पुनर्मुद्रणाची अलीकडे जाहीर झालेली योजना प्रकाशकांनी २०१८ मध्ये मागे घेतली. खलनायकांची युती कोणाच्या चेहऱ्याची बनविली जाते, हा प्रश्न निरागस नसतो.

आरोपीच्या पिंजऱ्यात नायक

‘ऑल स्टार कॉमिक्स’च्या ३७ व्या अंकात (ऑक्टोबर–नोव्हेंबर १९४७) ‘इनजस्टिस सोसायटी ऑफ द वर्ल्ड’ अवतरली. विझार्ड, व्हँडल सॅव्हेज, ब्रेन वेव्ह, गॅम्बलर, थिंकर आणि पर डेगाटॉन हे तिचे सहा सभासद. नावापासूनच ही ‘जस्टिस सोसायटी’ची उलटी प्रतिमा आहे. नायकांची संघटना १९४०-४१ च्या हिवाळ्यात स्थापन झाली होती. खलनायकांना ती सुबुद्धी सुचायला जवळपास सात वर्षे लागली!

कथेचा गाभा म्हणजे पकडलेल्या नायकांवर खलनायकांनी चालविलेला खटला. न्यूरेंबर्गचा मुख्य खटला १९४६ च्या ऑक्टोबरमध्ये संपला होता, टोकियोचा अद्याप सुरू होता. जेते, पराभूत आणि न्यायासन यांचे हे विडंबन त्या पार्श्वभूमीवर योजले गेले असावे, असे अनुमान करता येते. ते अनुमानच आहे, कारण कथेत तसा उल्लेख नाही. मात्र युती कशी उधळते हे महत्त्वाचे आहे. ग्रीन लँटर्न हा नायक थिंकरचे रूप घेऊन शत्रूच्या गोटात बसलेला असतो. म्हणजे भगदाड आत आहे, पण ते पाडणारा अजून बाहेरचाच आहे.

पुढची पायरी ४१ व्या अंकात (जून–जुलै १९४८) दिसते. विझार्डने नव्याने जमविलेल्या टोळीत हार्लेक्विन ही खलनायिका आहे. तिचे मन ग्रीन लँटर्नवर जडलेले आहे आणि ऐन वेळी ती नायकांना साहाय्य करते. येथे प्रथमच युतीतील एका व्यक्तीला स्वतःचे असे मन लाभते, आणि त्या मनामुळेच युती कोसळते. कथा म्हणून ती फार उंचीची नाही. तरीही या विषयाच्या अभ्यासकाने तिच्यापाशी थांबले पाहिजे.

संहितेचा प्रश्न

१९५४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेड्रिक वर्थम यांचे ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ प्रसिद्ध झाले, बालगुन्हेगारीविषयक सिनेट उपसमितीसमोर कॉमिक्सच्या प्रकाशकांच्या साक्षी झाल्या आणि त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर ‘कॉमिक्स कोड’ ही आचारसंहिता लादून घेतली. प्रत्येक कथेत सत्प्रवृत्तीचा विजय व्हावा आणि गुन्हेगाराला शासन व्हावे, असे बंधन तीत होते.

यावरून एक सोपे स्पष्टीकरण सुचते. शेवट आधीच ठरलेला; सहा बलाढ्य खलनायक एका नायकापुढे हरले पाहिजेत; मग ते विश्वसनीय कसे करायचे? त्यांना आपापसांत भांडायला लावायचे. खलनायकांमधील बेबनाव हे अशा रीतीने संहितेचे अपत्य ठरते. हे स्पष्टीकरण आकर्षक असले तरी कालक्रमाच्या कसोटीवर ते टिकत नाही. हार्लेक्विनची कथा संहितेच्या सहा वर्षे आधीची आहे. त्याहून निर्णायक पुरावा ‘बॅटमॅन’च्या २५ व्या अंकातील (ऑक्टोबर–नोव्हेंबर १९४४) ‘नाइट्स ऑफ नेव्हरी’ या कथेचा. जोकर आणि पेंग्विन यांची ही पहिली युती. दोघांपैकी श्रेष्ठ कोण, हा वाद या युतीत पहिल्यापासून धुमसत राहतो आणि बॅटमॅनच्या तो पथ्यावर पडतो. वर वर्णिलेली अळीची आज्ञाधारक संघटना त्याच वेळी दुसऱ्या नियतकालिकात चालू होती, हेही ध्यानात घ्यावे.

मग या दोन युत्यांमध्ये फरक का? याचे उत्तर नैतिकतेपेक्षा व्यवसायात शोधणे अधिक युक्त वाटते. मिस्टर माइंड हा त्या मालिकेपुरता निर्मिलेला होता. मालिका संपताच त्याला देहदंड देता येत होता. जोकर आणि पेंग्विन यांची गोष्ट निराळी. दोघांचाही स्वतंत्र वाचकवर्ग होता आणि पुढच्या महिन्यात दोघांनाही स्वतंत्रपणे परतायचे होते. एकाला दुसऱ्याचा हस्तक करणे म्हणजे चालते दुकान बंद करणे. दोन समान मानकरी एकाच कथेत बसवायचे, तर मानापमानाचे नाटक अटळ ठरते. संहितेने भांडण निर्माण केले नाही. भांडणाची जुनी सवय तिला आयती मिळाली.

व्यवसायाचा हा दाब ‘वर्ल्ड्स फायनेस्ट’च्या इतिहासातही दिसतो. पृष्ठसंख्या घटल्यामुळे १९५४ मध्ये ७१ व्या अंकापासून सुपरमॅन व बॅटमॅन यांच्या स्वतंत्र कथांऐवजी एकच संयुक्त कथा छापली जाऊ लागली. नायकांची युती अशी कागदाच्या काटकसरीतून पक्की झाली. खलनायकांची तिच्या मागोमाग आली. ८८ व्या अंकात (मे–जून १९५७) एडमंड हॅमिल्टन आणि डिक स्प्रँग यांनी लेक्स लूथर व जोकर यांना प्रथमच एकत्र आणले. गंमत अशी की, हे दोघे यंत्रमानव बनविणारा राजरोस कारखाना काढतात आणि नायकांना त्यांच्याविरुद्ध तत्काळ काही करता येत नाही. पन्नाशीच्या दशकातील अमेरिकन समृद्धीत गुन्हेगारही उद्योजक म्हणून अवतरावा, हे बोलके आहे.

साठचे दशक : अहंता आणि एकाकीपणा

१९६० नंतर युत्यांचे पेव फुटले. सर्वांचा परामर्श घेणे अनावश्यक आहे. बॅरन झिमोची ‘मास्टर्स ऑफ ईव्हिल’ (‘ॲव्हेंजर्स’, अंक ६, जुलै १९६४) ही ठोकळेबाज म्हणावी लागेल. ‘जस्टिस लीग’च्या २१ व २२ व्या अंकांत (ऑगस्ट–सप्टेंबर १९६३) गार्डनर फॉक्स यांनी मात्र खरी कल्पकता दाखविली. दोन समांतर पृथ्वींवरील तीन-तीन गुन्हेगार एकमेकांची जगे वापरतात. एका जगात चोरी करायची आणि दुसऱ्या जगात, जेथे आपल्याला कोणी ओळखत नाही तेथे, तिचा उपभोग घ्यायचा. येथे द्वेष नाही, केवळ सोय आहे.

‘द फ्लॅश’मधील खलनायकांचे नातेही असेच व्यवसायबंधूंचे आहे. १९६३ च्या १४१ व्या अंकात पॉल गॅम्बी नावाचा शिंपी येतो, जो या सर्वांचे पोशाख शिवतो. (पॉल गॅम्बाचिनी या पत्रलेखक वाचकाच्या नावावरून, जो पुढे रेडिओवर नावाजला, हे नाव बेतले होते.) सप्टेंबर १९६५ च्या १५५ व्या अंकात जॉन ब्रूम व कारमाइन इन्फँटिनो यांनी सहा खलनायक प्रथम एकत्र आणले, तेव्हा सर्वांचा शिंपी एक असल्याची ही पार्श्वभूमी आधीच तयार होती. ही टोळी पुढील लेखकांच्या हाती दीर्घकाळ टिकली, याचे बरेचसे श्रेय त्या शिंप्याला द्यावे लागेल.

तथापि, या दशकातील सर्वांत गाजलेली युती म्हणजे ‘सिनिस्टर सिक्स’. स्टॅन ली व स्टीव्ह डिटको यांच्या ‘अमेझिंग स्पायडरमॅन’च्या पहिल्या वार्षिकांकात (१९६४) डॉ. ऑक्टोपस, इलेक्ट्रो, क्रेव्हन, मिस्टेरियो, सँडमॅन आणि व्हल्चर एकत्र आले. सहा जणांनी एकदम तुटून पडावे, हा साधा व्यवहार. पण ते एकेकटे, आपापल्या ठिकाणी लढायचे ठरवितात. कथेच्या अंगाने हा मूर्खपणा आहे आणि कारण अर्थातच अहंकार आहे. पण डिटको यांनी प्रत्येक लढतीसाठी एकेक पूर्ण पृष्ठाचे चित्र राखून ठेवले आहे, हे पाहिले की त्या अहंकाराचा उगम कळतो. प्रत्येक खलनायकाला त्याचे पृष्ठ मिळालेच पाहिजे! १९४४ मधील व्यावसायिक गरज येथे स्वभावचित्रणात पुरती मुरली आहे. ओलीस धरलेल्या मे काकूंना डॉ. ऑक्टोपस हा मोठा सभ्य गृहस्थ वाटतो, ही छटा तर ली–डिटको यांच्या उत्तम विनोदांपैकी एक.

याही आधी, सप्टेंबर १९६२ मध्ये, ‘फँटास्टिक फोर’च्या ६ व्या अंकात स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी डॉ. डूम व समुद्राधिपती नेमॉर यांची युती घडविली होती. वाचकांच्या आवडत्या युत्यांमध्ये ती अग्रभागी असावी, हे योग्यच आहे. नेमॉर दुष्ट नाही. त्याचे राज्य मानवाने उद्ध्वस्त केले आहे आणि त्या जखमेला डूम फुंकर घालतो. काम होताच डूम त्याच्यासह संपूर्ण इमारत अंतराळात उचलतो. विश्वासघात झालेला नेमॉर मग शत्रूंनाच वाचवितो. येथे युती फुटते ती दोघांपैकी एकाला प्रतिष्ठा आहे आणि दुसऱ्याला नाही म्हणून.

महाभारतातील दुष्टचतुष्टयाशी तुलना केल्यास एक भेद ठळकपणे जाणवतो. कौरवांच्या बाजूची युती अखेरपर्यंत फुटत नाही. कर्ण सत्य कळल्यानंतरही दुर्योधनाला सोडत नाही, आणि तीच त्याची शोकांतिका. अमेरिकन कॉमिक्सच्या पहिल्या तीन दशकांत या जागी कोणी सहसा पोहोचत नाही. तेथे पक्ष सोडणे हाच सद्गुणाचा पुरावा मानला जातो. हार्लेक्विन आणि नेमॉर दोघेही पक्ष सोडूनच वाचकाच्या मनातून उतरत नाहीत.

अपवाद आला तो सत्तरच्या दशकात. ‘सुपर-व्हिलन टीम-अप’ हे युतीलाच वाहिलेले नियतकालिक मार्व्हलने १९७५ मध्ये सुरू केले. १९८० पर्यंत त्याचे १७ अंक निघाले. त्यात डूम आणि नेमॉर पुन्हा एकत्र येतात. या वेळी नेमॉरची प्रजा मूर्च्छितावस्थेत पडलेली आहे आणि तिला शुद्धीवर आणण्याचे सामर्थ्य डूमपाशी आहे. डूम कोण आहे, हे नेमॉर १९६२ पासून जाणून आहे. तरीही प्रजेसाठी तो त्याच्या सेवेची शपथ घेतो. स्टीव्ह एंगलहार्ट यांनी लिहिलेल्या १९७६ च्या ६ व्या अंकात ‘फँटास्टिक फोर’ त्याची सुटका करण्यास डूमच्या लॅटव्हेरिया या राष्ट्रात पोहोचतात, तेव्हा त्यांना अडविणारा कोणी खलनायक नसतो. तेथे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर उपस्थित असतात. अमेरिकेने लॅटव्हेरियाशी अनाक्रमणाचा करार केलेला असतो, आणि नायकांना नेमॉरला तेथेच सोडून माघारी फिरावे लागते.