अपस्मार आणि सहजीवन : जोडीदाराने काय जाणावे

मेंदूतील पेशींमध्ये अकस्मात, अनियंत्रित विद्युत्संचार झाला की काही काळ भान किंवा हालचालींवरील ताबा सुटतो. यालाच आपण झटका, आकडी किंवा फिट म्हणतो. तात्कालिक कारणाविना असे झटके पुनःपुन्हा येऊ लागले म्हणजे त्या विकारास अपस्मार ही संज्ञा दिली जाते. इंदूरच्या मराठी घरांत हिंदीच्या सहवासाने ‘मिरगी’ हा शब्दही ऐकू येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा विकार आहे आणि योग्य निदान व उपचार लाभल्यास त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. हा उपचार दीर्घकाळ रोज घ्यावयाच्या गोळ्यांचा असल्यामुळे तो रुग्णालयापेक्षा घरातच अधिक घडतो. म्हणूनच विवाहित रुग्णाच्या बाबतीत आजार जोडीदाराला ठाऊक असणे, हाच उपचाराचा पाया ठरतो.

लपविण्याची किंमत

विवाह जुळवताना अपस्मार दडविण्याची प्रथा जुनी आहे. त्याची पहिली किंमत रुग्णच मोजतो. सासरी गोळी लपून घ्यावी लागते, मग ती चुकते, आणि गोळी चुकणे हे झटका पुन्हा येण्याचे एक प्रमुख कारण आहे. या भीतीला कायद्याचेही बळ होते. हिंदू विवाह कायद्यातील १९७६ च्या दुरुस्तीने अपस्माराचे वारंवार येणारे झटके विवाहास अपात्र ठरविणाऱ्या अटींत घातले होते. १९९९ च्या दुरुस्तीने हा शब्द वगळला. अपस्मार हा असाध्य आजार किंवा मानसिक विकार नसून तो घटस्फोटाचे कारण होऊ शकत नाही, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये दिला. गोव्यात विवाहासाठी स्वतंत्र नागरी संहिता लागू असली, तरी लपविलेल्या गोळीचे दुष्परिणाम तेथेही निराळे नाहीत. पुण्यातील ‘संवेदना फाउंडेशन’ अपस्मार असलेल्यांसाठी स्वमदत गट चालवते आणि आजार न लपविता विवाह जुळावेत म्हणूनही प्रयत्न करते.

झटका आला असता

घड्याळ पाहावे. व्यक्तीला जमिनीवर निजवून डोक्याखाली मऊ घडी ठेवावी, चष्मा काढावा, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत आणि आसपासच्या टणक वस्तू दूर साराव्यात. हातपाय दाबून धरू नयेत. दातांत चमचा, बोट किंवा कापड घालू नये. पाणीही पाजू नये. चप्पल वा कांदा हुंगविल्याने, हातात लोखंडी किल्ली दिल्याने झटका थांबत नाही. बहुतेक झटके काही मिनिटांत आपोआप ओसरतात. आचके थांबताच व्यक्तीला कुशीवर वळवावे आणि पूर्ण भान येईपर्यंत जवळ थांबावे.

झटका ५ मिनिटांहून अधिक लांबला, शुद्ध न येता दुसरा आला, श्वास नीट सुरू झाला नाही, इजा झाली, झटका पाण्यात आला, रुग्ण गर्भवती असली किंवा हा आयुष्यातील पहिलाच झटका असला, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. लांबणाऱ्या झटक्यासाठी नाकात मारावयाचा औषधी फवारा मिळतो. तो घरी ठेवावा का आणि कसा वापरावा, हे डॉक्टरांकडून आधीच समजून घ्यावे.

डॉक्टरांचे डोळे

भान हरपणाऱ्या झटक्यात काय घडले, हे रुग्णाला आठवत नाही. इंदूरचे महाराजा यशवंतराव रुग्णालय, म्हणजे शहराचे ‘एमवाय’, असो वा एखाद्या तज्ज्ञाचा खासगी दवाखाना, निदानाचा मोठा आधार प्रत्यक्षदर्शीचे कथन हाच असतो. सुरुवात कशी झाली, मान व डोळे कोणत्या बाजूला वळले, आचके एका अंगाला होते की दोन्ही, जीभ चावली का, किती वेळाने नीट बोलता आले, हे तारीख-वेळेसह वहीत टिपावे. पूर्वसंमती असल्यास, व्यक्ती सुरक्षित असल्याची खात्री करून, मोबाइलवर केलेले छोटे चित्रीकरणही उपयोगी पडते. मात्र ते केवळ डॉक्टरांसाठीच असावे.

रोजचा दिनक्रम

गोळीइतकेच महत्त्व झोपेचे आहे. जागरणाने अनेकांना झटका येतो. इंदूरची अनंत चतुर्दशीची झांकी-मिरवणूक रात्रभर चालते, सराफ्यातील खाऊगल्ली मध्यरात्रीनंतरही जागी असते. यांवर कायमची बंदी नको. दोघांनी लवकर जाऊन वेळेत परतावे. उपवासाच्या दिवशीही गोळी चुकू नये. मद्य टाळावे. चुकून एक मात्रा राहिली तर काय करायचे, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. झटके थांबले म्हणून गोळ्या परस्पर बंद करणे धोक्याचे आहे.

स्नानगृहाची कडी आतून लावू नये आणि बसून स्नान करावे. शेगडीजवळ काम करताना घरात कोणी सोबत असावे. पोहणे एकट्याने नको. वाहन परवान्याच्या अर्जासोबतच्या घोषणापत्रात अपस्माराविषयी थेट विचारलेले असते. तेथे खरे उत्तर देऊन दुचाकीची धुरा जोडीदाराने घ्यावी.

अपत्याचा विचार

अपस्मार असलेल्या बहुसंख्य स्त्रिया निरोगी बालकांना जन्म देतात. मात्र व्हॅल्प्रोएटसारखे औषध गर्भाला अपाय करू शकते, आणि काही औषधांमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम घटतो. म्हणून गर्भधारणेच्या आधीच दोघांनी मिळून तज्ज्ञांना भेटावे. औषधांतील बदल व फॉलिक आम्लाची मात्रा तेच ठरवतील. प्रसूतीनंतर रात्रीच्या जागरणाचा वाटा पतीने उचलावा. बाळाला जमिनीवर बसून दूध पाजावे आणि एकटीने न्हाऊ घालू नये.

पहारा नव्हे, सोबत

काळजीपोटी जोडीदार नकळत पहारेकरी होतो. गोळी घेतली का, हे चारचौघांत विचारणे, नोकरी सोडायला लावणे, प्रत्येक निर्णय परस्पर घेणे, यांनी आत्मविश्वास खचतो. नैराश्य व चिडचिड आजारामुळेही येते आणि काही औषधांमुळेही. स्वभावाला दोष देण्यापूर्वी ती डॉक्टरांना सांगावी. जोडीदारानेही आपला थकवा मनात साठवू नये. घरातील आणखी दोघातिघांना प्रथमोपचार शिकविले, कार्यालयातील एका विश्वासू सहकाऱ्याला कल्पना दिली, तर भार वाटला जातो. गोळ्यांची डबी कपाटातून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवता येणे, हे अशा घराच्या स्वास्थ्याचे पहिले लक्षण आहे.