नावडता नायक

कथेतला माणूस आवडला नाही, एवढ्याने लेखक गुन्हेगार ठरतो काय? चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली. तिचा नायक निशिकांत हा एकामागून एक तीन स्त्रियांत गुंतणारा कवी. एका साहित्यप्रेमी गृहस्थाने फिर्याद केली. खालच्या कोर्टाने लेखकास सोडले. हायकोर्टाने २५ रुपये दंड केला. १९६९ साली सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. लेखन अपरिपक्व असेल, पण अश्लील नव्हे, असा निवाडा झाला.

निशिकांत मलाही पटत नाही. पण गेट मीटिंगमध्ये आम्ही न पटणाऱ्यालाही बोलू देतो. आपल्या रानातल्या बांबूचा बल्लारपुरास कागद होत आला; त्यावर छापलेल्याला तेवढी तरी मुभा द्यावी. नापसंती वाचकाचा हक्क, शिक्षा नव्हे.