खोपोली लोकलचे चाळीस सेकंद आणि अकबर पदमसींचा फ्लॅट

आमच्या कर्जत-खालापूर भागात कलेचा विषय निघाला की पहिले नाव येते एन. डी. स्टुडिओचे. ‘जोधा अकबर’साठी (२००८) तिथे मोगलांचा किल्ला उभा राहिला, तो बघायला माणसे दुरून येत. त्यामुळे मुलाला कलेला घालायचे म्हणजे सेट रंगवायला पाठवायचे, नाहीतर फोटोशॉप शिकवून लग्नपत्रिका करायला बसवायचे, अशी समजूत आहे. दोन्ही कामे इज्जतीची आहेत, माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण माझी एक जुनी विद्यार्थिनी मुंबईच्या कॉलेजात डिजिटल मीडिया आर्ट शिकू लागली आणि तिने वर्गासाठी केलेले प्रयोग पाहून तिचे अब्बा मला म्हणाले, “सर, हे शिकवतात की खेळवतात? फी भरू, की हिला डी.एड.ला घालू?”

प्रयोग दोन होते. पहिल्यात तिने तीन महिने खोपोलीहून कर्जतला जाताना लोकलच्या एकाच बाजूच्या खिडकीतून, लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी अशा प्रत्येक स्थानकावर एकेक फोटो काढला. जवळजवळ तीनशे फोटो जोडून चाळीसेक सेकंदांची फिल्म झाली. स्थानके जागच्या जागी राहतात आणि त्यांच्या मागचे रान करड्याचे हिरवे होत जाते. दुसऱ्या प्रयोगात पडद्यावर उजवीकडून उर्दू ‘पानी’ येते, डावीकडून मराठी ‘पाणी’. तिने घालून दिलेल्या नियमाने संगणक दोन्ही शब्दांच्या रेषा ओढतो आणि मध्यावर त्यांचा असा गुंता होतो की कोणतीच लिपी वाचता येत नाही. दोन्ही भाषा शिकवून पोट भरणाऱ्या मला तो गुंता चांगलाच ओळखीचा वाटला!

तिच्या अब्बांना मी आधी दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. १८८५ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिकलेला हा माणूस. बोरघाट चढून गेल्यावर मळवलीला रविवर्म्यांचा छापखाना होता, त्यासाठीही त्यांनी काम केले. सिनेमा काढायचे डोक्यात आल्यावर त्यांनी कुंडीत एक दाणा पेरला आणि कॅमेऱ्याने एकेक चौकट टिपत रोप वाढताना दाखवले. लोकलच्या फिल्मची युक्ती हीच आहे. ती छोटी फिल्म दाखवूनच त्यांनी भांडवल मिळवले आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला.

अब्बा म्हणाले, “म्हणजे शेवटी पिक्चर निघालाच ना.” बरोबर आहे. फाळक्यांचे उदाहरण सोपे आहे, कारण त्यातून काय निघाले ते साऱ्या जगाला दिसले. ज्यातून असे काही निघाले नाही त्याचे काय? म्हणून मला अकबर पदमसींकडे यावे लागले.

पदमसी (१९२८-२०२०) मुंबईच्या खोजा कुटुंबातले. लहानपणी वडिलांच्या दुकानातल्या हिशेबाच्या वह्यांत साप्ताहिकातली चित्रे उतरवून काढत. पुढे जे. जे.त शिकले. १९५४ साली जहांगीर आर्ट गॅलरीतल्या त्यांच्या एका चित्रावर अश्लीलतेचा खटला झाला, तो ते जिंकले. आपल्याकडे ‘मुस्लिमांचे योगदान’ या विषयावर भाषणे होतात, त्यात शायर येतात, शाहीर येतात, कव्वाल येतात. पदमसी आले तर त्यांच्या चित्रांच्या लिलावातल्या किमतीमुळे येतात. त्यांनी विद्यार्थिदशा नुकतीच संपलेल्यांसाठी काय केले, हे मी अशा भाषणात कधी ऐकलेले नाही.

१९६९ साली त्यांना जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली. त्या पैशातून त्यांनी मुंबईत व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप काढले. एक फ्लॅट, त्यात सोळा मिलिमीटरचा कॅमेरा, फोटो धुण्याची काळोखी खोली, संकलनाची सोय. चित्रकार, सिनेमावाले, छायाचित्रकार तिथे येत आणि एकमेकांची साधने हाताळत. कुमार शहानी येत, कॅमेरामन के. के. महाजन येत. परीक्षा नव्हती, गुण नव्हते. १९७२पर्यंत ते चालले.

तिथे सर्वांत लहान आणि एकटीच बाई होती नलिनी मलानी. १९४६ साली कराचीत जन्मलेली, फाळणीत इकडे आलेल्या घरातली, जे. जे.तून नुकतीच बाहेर पडलेली. तिला कॅमेरा हाताळायला मिळाला तो या फ्लॅटवर. छोटे नमुने रचून, त्यांवर रंगीत प्रकाश टाकून, एकेक चौकट टिपत तिने १९६९ साली ‘ड्रीम हाउसेस’ केली. नव्या भारतात सर्वांना घर मिळेल, या त्या काळच्या स्वप्नाची फिल्म. सात वर्षांनी तिने शहराकडे पाहणाऱ्या एका तरुणीची काळी-पांढरी फिल्म केली आणि दोन्ही शेजारी शेजारी लावल्या. नाव दिले ‘युटोपिया’. पहिलीत रंगीत घरे, दुसरीत झोपड्या. पहिला प्रयोग तिने जपून ठेवला नसता तर दुसरा निम्माच राहिला असता. २०१७ साली पॅरिसच्या पोंपिदू सेंटरने तिच्या पन्नास वर्षांच्या कामाचे प्रदर्शन भरवले.

स्वतः पदमसींनी तिथे दोन फिल्मा केल्या. ‘सिझिजी’मध्ये संख्यांच्या नियमाने बिंदू आणि रेषा जुळवून सुमारे हजार रेखाचित्रे काढली आणि राम मोहन यांनी ती हलती केली. अकरा मिनिटे, आवाज नाही, गोष्ट नाही. संगणक करतो ते काम हाताने केलेले. आमच्या मुलीचा ‘पानी-पाणी’ याच घराण्यातला आहे, हे तिला माहीत नव्हते. तिला कोणी सांगितलेच नव्हते.

दुसरी फिल्म ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’. आपलेच एक तैलचित्र त्यांनी रंगीत प्रकाशातून पुन्हा घडवले. सहा मिनिटांची, आणि प्रत एकच. ती दिल्लीला प्रदर्शनासाठी पाठवली आणि हरवली. दुसरी प्रत नव्हती, म्हणून पुढची चाळीसेक वर्षे त्या सहा मिनिटांबद्दल बोलता येत होते, ती दाखवता येत नव्हती.

इथे मात्र मी अब्बांना सोडून मुलीला धरले. लोकलची फिल्म कुठे ठेवलीस? म्हणाली, फोनमध्ये. आणि फोटो? फोन भरला म्हणून निम्मे पुसले. मी तिला एक पेनड्राइव्ह दिला आणि दुसरा माझ्या कपाटात ठेवला. फीचा निर्णय अजून झालेला नाही. पहिला हप्ता भरला आहे, दुसरा ईदनंतर बघू, असे तिचे अब्बा म्हणतात.

पदमसींची हरवलेली फिल्म सापडली नाही. दिग्दर्शक आशिम अहलुवालिया त्यांच्याकडे गेले तेव्हा पदमसींनी ऐंशी पार केली होती. दोघांनी आठवणीवरून ती पुन्हा घडवली आणि त्या खटाटोपाचा माहितीपट त्याच नावाने २०१६ साली आला.