आर्थरकथेवरील चित्रकथा

आर्थरकथेवरील चित्रकथा म्हणजे ब्रिटनचा दंतकथात्मक राजा आर्थर आणि त्याच्या गोलमेजाभोवती बसणारे सरदार यांच्या मध्ययुगीन आख्यानांचे कॉमिक्सच्या रूपात केलेले पुनर्कथन होय. अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स या देशांत अशा चित्रकथा विसाव्या शतकापासून प्रसिद्ध होत आल्या आहेत. त्यांतील बहुतेकींचा भर जादू, पराक्रम व प्रेम यांवर आहे. काही लेखक-चित्रकारांनी मात्र सत्ता, वारसाहक्क, निर्वासन, खंडणी आणि कुळाकुळांतील वैर यांच्या आधारे ही कथा मांडली. प्रस्तुत लेखात मुख्यत्वे या दुसऱ्या प्रवाहाचा विचार केला आहे.

मूळ साधने आणि त्यांतील राजकारण

रोमन सत्तेने ब्रिटनमधून इ.स. ४१० च्या सुमारास काढता पाय घेतल्यानंतर तेथे अनेक लहान राज्ये उभी राहिली. सहाव्या शतकातील धर्मगुरू गिल्डास याने आपल्या ग्रंथात यांपैकी पाच राजांची नावे घेऊन त्यांना जुलमी ठरवले आहे. एका गर्विष्ठ राजाने उत्तरेकडील शत्रूंविरुद्ध सॅक्सन लोकांना भाडोत्री सैनिक म्हणून बोलावले आणि पुढे त्यांनीच बंड केले, असेही तो सांगतो. बॅडनच्या लढाईचा उल्लेख गिल्डास करतो. आर्थरचे नाव तो घेत नाही. नवव्या शतकातील 'हिस्टोरिया ब्रिटोनम' या लॅटिन ग्रंथात आर्थरच्या बारा लढायांची यादी येते. तेथे तो राजा म्हणून नव्हे, तर ब्रिटनच्या राजांच्या बाजूने लढणारा सेनानायक म्हणून अवतरतो. वेल्श बखरीत कॅमलनच्या लढाईत आर्थर व मेड्राउट पडल्याची नोंद आहे, परंतु ते एकमेकांविरुद्ध लढत होते की एकाच बाजूने, हे तीत सांगितलेले नाही. कथेतील सर्वांत प्रसिद्ध विश्वासघात एवढ्या तुटपुंज्या नोंदीवर उभा आहे.

वेल्श संतचरित्रांतील आर्थर तर फारसा आदर्श नाही. संत पॅडार्नच्या चरित्रात त्याला जुलमी सत्ताधीश म्हटले आहे. संत कॅडॉकच्या चरित्रात आर्थरच्या तीन सैनिकांना मारणाऱ्या माणसाला कॅडॉक आश्रय देतो. वाद लवादापुढे जातो, नुकसानभरपाई म्हणून गायी देण्याचे ठरते आणि आर्थर पुढून लाल व मागून पांढऱ्या गायींसाठी अडून बसतो. गायींचे शेवटी नेच्याचे भारे होतात. हा चमत्कार वगळला, तर राजसत्ता आणि मठ यांच्यातील अधिकाराचा तंटा शिल्लक राहतो, आणि चित्रकथाकाराला तो आयताच मिळतो.

जेफ्री ऑफ मॉनमथ याने बाराव्या शतकात आर्थरला साम्राज्याचा अधिपती केले. त्याच्या ग्रंथात पुतळाबाहुल्यासारखा खलनायक नाही. आर्थर परदेशी मोहिमेवर असताना राज्य सांभाळणारा मॉड्रेड मुकुट बळकावतो आणि सॅक्सनांना जमीन देऊ करून त्यांचे सैन्य मिळवतो. गोलमेजाचा पहिला उल्लेख इ.स. ११५५ मध्ये वेस या कवीने केला. मानपानावरून सरदारांत भांडणे होऊ नयेत, असे त्याचे प्रयोजन तेथे दिले आहे. म्हणजे हे मेजदेखील मुळात दरबारी युक्तीच होती. टॉमस मॅलरीचा ग्रंथ इ.स. १४८५ मध्ये विल्यम कॅक्स्टनने छापला. इंग्लंडमधील 'गुलाबांच्या युद्धां'च्या काळात लिहिलेल्या या ग्रंथात ऑर्कनीच्या राजपुत्रांनी पेलिनोरच्या घराण्याशी धरलेला सूड, लॅन्सलॉटच्या हातून गॅरेथचा झालेला वध आणि त्यातून फुटलेला दरबार ही राज्याच्या नाशाची खरी साखळी आहे. ग्वेनिव्हीरचे प्रेमप्रकरण तिला ठिणगी पुरवते.

राजांनीही या कथेचा वापर करून घेतला. ग्लास्टनबरी येथील मठात इ.स. ११९१ मध्ये आर्थरची कबर सापडल्याचे जाहीर झाले. पहिल्या एडवर्डने इ.स. १२७८ मध्ये ती उघडून अस्थींचे समारंभपूर्वक पुनर्दफन केले. त्याने नुकतीच वेल्समध्ये मोहीम केली होती. आर्थर परत येईल ही वेल्श लोकांची श्रद्धा लक्षात घेता, त्याचे मृतत्व सर्वांसमक्ष सिद्ध होणे एडवर्डच्या सोयीचेच होते.

प्रिन्स व्हॅलियंट

'प्रिन्स व्हॅलियंट' ही हॅल फॉस्टर या कॅनडात जन्मलेल्या चित्रकाराची रविवारची चित्रमालिका १३ फेब्रुवारी १९३७ रोजी सुरू झाली. किंग फीचर्स सिंडिकेटने ती वृत्तपत्रांना पुरवली. फॉस्टरने संवादाचे फुगे वापरले नाहीत. निवेदन चित्रचौकटीतच मजकूर म्हणून छापले जाई, त्यामुळे मालिकेला बखरीचा बाज आला.

कथेचा आरंभच राजकीय आहे. थूल या उत्तरेकडील देशाचा राजा अग्वार याचे सिंहासन स्लिगॉन बळकावतो आणि अग्वार कुटुंबासह ब्रिटनच्या दलदलीत आश्रय घेतो. त्याचा मुलगा वॅल आर्थरच्या दरबारात नाइट होतो, तरी तो आधी निर्वासित राजपुत्र आहे हे फॉस्टर विसरू देत नाही. पुढे हूणांच्या स्वाऱ्या आणि रोममधील कारस्थाने येतात. सम्राट तिसरा व्हॅलेंटिनियन याने सेनापती एटियसचा केलेला खून (इ.स. ४५४) ही इतिहासातील घटना फॉस्टरने कथानकात गुंफली आहे. वॅल व आलेटा यांच्या विवाहानंतर मालिका मुले, घरसंसार आणि राज्यकारभार यांकडेही वळते. नायकाचे वय वाढू देणे हे तिचे वेगळेपण होय.

वेशभूषेत मात्र फॉस्टरने इतिहासाशी तडजोड केली. काळ पाचव्या शतकाचा, परंतु किल्ले आणि चिलखते कित्येक शतकांनंतरची आहेत. वाचकांच्या मनातील आर्थर तसाच असल्याने हा कालविपर्यास जाणीवपूर्वक स्वीकारलेला होता. त्याची भव्यता मान्य करूनही असे म्हणावे लागते, की दगडी कॅमेलॉटमुळे आर्थरची सत्ता होती त्याहून कितीतरी स्थिर भासते. सॉमरसेटमधील कॅडबरी येथे लेस्ली अल्कॉक यांनी इ.स. १९६६ ते १९७० या काळात केलेल्या उत्खननात पाचव्या-सहाव्या शतकांत पुन्हा तटबंदी केलेली टेकडी आणि लाकडी सभागृहाच्या खुणा आढळल्या. लाकडी सभागृहात बसणारा, धान्य व गुरे यांच्या वसुलीवर सैनिक पोसणारा राजा चितारायचा झाला, तर चौकटीतील प्रत्येक वस्तू बदलावी लागते.

फॉस्टरने इ.स. १९७१ मध्ये चित्रांकन जॉन कलन मर्फी यांच्याकडे सोपवले. इ.स. २००४ पासून गॅरी जियानी आणि इ.स. २०१२ पासून टॉमस येट्स यांनी ते सांभाळले.

नंतरच्या चित्रकथा

डीसी कॉमिक्सच्या 'कॅमेलॉट ३०००' (इ.स. १९८२–१९८५, १२ अंक) या माइक बार व ब्रायन बोलंड यांच्या मालिकेत आर्थर इ.स. ३००० मध्ये परग्रहवासीयांच्या आक्रमणाच्या वेळी जागा होतो. राजकारण तिच्यात आहे, पण ते बहुधा उपहासापुरतेच. ट्रिस्टनचा पुनर्जन्म स्त्रीदेहात झाल्याचे तिचे उपकथानक अधिक गंभीर आहे.

फ्रान्समध्ये डेव्हिड शोव्हेल व जेरोम लेरक्युले यांनी 'आर्थर' ही नऊ खंडांची मालिका केली (इ.स. १९९९–२००६). वेल्श परंपरेकडे परत जाणे हे तिचे सूत्र आहे. पात्रांची नावे मिर्डिन, ग्वाल्खमाय, मेड्राउट अशी वेल्श रूपांत येतात. फ्रेंच दरबारी काव्यातील शिष्टाचाराऐवजी युद्धनायक, त्यांची कुळे आणि सॅक्सनांशी चाललेला संघर्ष यांना तिच्यात स्थान मिळते.

'वन्स अँड फ्यूचर' (इ.स. २०१९–२०२२, ३० अंक) ही कीरन गिलन आणि डॅन मोरा यांची मालिका वर्तमान ब्रिटनमध्ये घडते. आर्थरला राष्ट्राचा तारणहार मानणारे लोक त्याला पुन्हा उठवतात. परंतु मूळ कथेतील आर्थर सॅक्सनांचा शत्रू आहे, आणि आजचे इंग्रज स्वतःला त्याच अँग्लो-सॅक्सनांचे वारस समजतात. हा जुना विरोधाभास मालिकेचे मर्म ठरतो: 'मूळचे लोक' कोण, या प्रश्नाचे मेलेल्या राजाचे उत्तर त्याच्या भक्तांना परवडणारे नाही. भयकथेच्या रूपात असूनही आर्थरकथेच्या राजकीय वापरावर एवढे थेट बोट ठेवणाऱ्या चित्रकथा थोड्याच आहेत.

पुनर्मुद्रण

वृत्तपत्री छपाईत 'प्रिन्स व्हॅलियंट'ची सूक्ष्म रेखाटने बरीच धूसर होत असत. फँटाग्राफिक्स या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने इ.स. २००९ पासून सिराक्यूज विद्यापीठात जतन केलेल्या फॉस्टरच्या स्वतःच्या संग्रहातील छपाई-नमुन्यांवरून तिचे नवे खंड काढण्यास प्रारंभ केला.