लिनक्स कर्नलमधील पिन-नियंत्रण आणि त्याचे परीक्षण

चिपच्या एकाच पिनेकडून कधी संदेशवहन, कधी साध्या दिव्याची उघडझाप, अशी निरनिराळी कामे करून घेता येतात. कोणते काम चालू, हे रजिस्टरांतील काही बिटांवरून ठरते. लिनक्स कर्नलमध्ये ही व्यवस्था 'आर्म' जातीच्या चिपांच्या प्रत्येक कुळाने दीर्घकाळ आपापल्या रीतीने लावली होती. एका कुळाच्या संहितेतील फेरफार दुसऱ्या कुळाच्या जाणकारास पारखणे त्यामुळे दुर्घट होते. मार्च २०११ मध्ये लिनस टोरव्हाल्ड्स यांनी आर्म-विभागातील पसाऱ्याविषयी तीव्र नाराजी व्यक्त केली, ती अकारण नव्हती. पुढे लिनस व्हालेई (केवळ नामसाम्य) यांनी सिद्ध केलेली समाईक पिन-नियंत्रण प्रणाली जानेवारी २०१२ च्या ३.२ या आवृत्तीत आली.

या प्रणालीने पुनरुक्ती टळली, असे म्हणणे अपुरे आहे. खरा लाभ परीक्षकाचा झाला. परीक्षकापाशी ते बोर्ड बहुधा नसते. त्याला केवळ वाचूनच निर्णय द्यावा लागतो. आता पिनांची नावे, गट व कार्ये एकाच साच्यात आली, आणि एकाच पिनेवर दोन कार्यांचा दावा आल्यास दुसरा दावा गाभ्यातच नाकारला जाऊ लागला.

तथापि एक फट उरली. सर्वसामान्य वापराचा दावा निराळा नोंदला जाई. म्हणून तीच पिन दोघांच्या हाती राहू शके. पुढे 'स्ट्रिक्ट' हा निर्बंध आला, पण तो स्वीकारणे प्रत्येक ड्रायव्हरच्या इच्छेवर सोडले गेले. शिवाय चुकीचा बिट लिहिला गेल्यास दोन निर्गम परस्परांविरुद्ध ओढू लागतात व प्रसंगी चिप निकामी होते. तो बिट साच्यावरून ओळखता येत नाही, त्यासाठी निर्मात्याची कागदपत्रेच लागतात, आणि ती पुष्कळदा परीक्षकास उपलब्ध नसतात.