ओटा आणि फलाट

१९७४ साली वडील रेल्वेतून निवृत्त झाले, तेव्हा वयाची अठ्ठावन्न वर्षं भरली होती आणि मालकीची एक वीटही नव्हती. सगळी नोकरी रुळांच्या देखभालीत गेली आणि राहणं क्वार्टरात. कौल फुटलं की आयओडब्ल्यूच्या, म्हणजे रेल्वेच्या बांधकाम-निरीक्षकाच्या, ऑफिसात चिठ्ठी टाकायची, माणूस येऊन बघून जायचा. नगरपालिका म्हणजे काय, ते आमच्या चाळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. आता क्वार्टर सोडायला मोजके महिने होते. तेवढ्या वेळात फंडाच्या पैशातून प्लॉट घ्यायचा, नकाशा पास करून आणायचा आणि घर उभं करायचं. मी नुकताच आयटीआयमधून ड्राफ्ट्समन होऊन बाहेर पडलो होतो. माझा पहिला नकाशा आमच्याच घराचा. पुढं चाळीस वर्षं मी हेच काम केलं, आणि गिऱ्हाईक बहुतेक वडिलांसारखंच: रेल्वेवाला, पोक्त, पहिल्यांदाच घरमालक झालेला.

आमचं भुसावळ हे पहिल्यापासून दोन हद्दींचं गाव. १८६०च्या दशकात जीआयपी रेल्वे इथं आली, १८६७ला फाटा नागपूरला पोचला, १८७०ला जबलपूरवरून मुंबई-कलकत्ता रस्ता जुळला. रेल्वेनं आपल्या माणसांसाठी आपल्याच मापानं बंगले आणि चाळी बांधल्या. १९८९चा रेल्वे कायदाही तिला तिच्या कामाची बांधकामं इतर कायद्यांत न अडकता करू देतो. रुळापलीकडच्या गावासाठी १८८२मध्ये नगरपालिका आली. तिथली जुनी घरं मातीच्या भिंतींची आणि धाब्याची. जाड भिंत, खिडकी नावाला. वैशाखातली झळ आत येऊ नये म्हणून केलेली ही तजवीज. रात्री माणसं धाब्यावर नाहीतर ओट्यावर झोपायची.

मग १८९६ला मुंबईत प्लेग आला. घरोघर तपासणी, चुन्याची सफेदी, छप्पर उघडून ऊन आत घेणं, हे सगळं त्या साथीतलं. घराला उजेड-वारा किती, हे बघायला सरकारी माणूस उंबऱ्याच्या आत आला, तो तेव्हा. १९०१च्या जिल्हा नगरपालिका कायद्यात घर बांधण्याआधी पालिकेला लेखी कळवायचं कलम होतं. मुंबईच्या कोंदट चाळींना खिडकी हवीच होती. आमच्या खानदेशच्या उन्हात तीच खिडकी म्हाताऱ्यांना आगीची वाट वाटायची. नकाशात मी दाखवलेल्या खिडक्यांना आतून गोणपाट ठोकलेलं मी कैक घरांत पाहिलंय.

आमचं घर झालं ते १९६६च्या नगररचना कायद्याखाली. परवानगीच्या अर्जावर साठ दिवसांत उत्तर आलं नाही, तर परवानगी मिळाली असं धरायचं, ही त्यातली सोय. ती वडिलांना मी सांगितली. वडील म्हणाले, "सिग्नल पडला नाही म्हणून गाडी सोडायची का रे?" शिक्का पडेपर्यंत त्यांनी पाया खणू दिला नाही.

ट्रेसिंगवर शाईनं रेघा ओढायच्या, मग अमोनिया प्रिंट काढायची. तिच्या वासानं डोळे चुरचुरायचे. प्लॉटची हद्द जाड काळी, नवं बांधकाम लाल, पाडायचं ते पिवळं. मोकळ्या सोडायच्या जागेला आम्ही सामासिक अंतर म्हणतो. गिऱ्हाईक मात्र म्हणायचं, "इतकी जागा फुकट गेली ना भो!"

वडिलांनी जागा सोडली. पालिकेचे लोक जोता तपासून गेले, भिंती चढल्या, आम्ही राहायला आलो. पहिल्याच उन्हाळ्यात संध्याकाळी बसायला म्हणून वडिलांनी कुंपणाबाहेर गटारीवर फरशी टाकून ओटा बांधून घेतला. मला विचारलं नाही. पावसाळ्यात गटार तुंबली आणि घरी पालिकेची नोटीस आली.

मी हरकतीचा अर्ज लिहायला बसलो. गल्लीत सगळ्यांचेच ओटे पुढं आलेले, हा माझा मुद्दा. वडिलांनी टेप मागवला, ओटा मोजला, दोन फूट भरला. मग म्हणाले, "रुळाच्या मध्यापासून फलाटाची कड किती लांब, ते आम्ही वरचेवर मोजायचो. शेजारच्या स्टेशनचा फलाट पुढं आलाय म्हणून आपला चालतो का? गाडी घासणारच." पहार घेऊन त्यांनी स्वतःच ओटा फोडला.

पुढं कायदे आले आणि सैलही झाले. २००१ला गुंठेवारीची, म्हणजे मंजुरीविना तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरची, घरं नियमित करायचा कायदा झाला. १ जानेवारी २००१पर्यंतची घरं त्यात बसत, २०२१मध्ये ती मुदत २०२०च्या अखेरीपर्यंत ओढली. डिसेंबर २०२०च्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीनं दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटचा परवानगीचा फेरा काढून टाकला. नकाशा द्यायचा, पैसे भरायचे, पावती घ्यायची. आता घरमालकाच्या सहीवर भरवसा आहे. नियम सोपे झाले म्हणून ओटे मागं सरकलेत, असं मात्र मला फिरताना दिसत नाही.

वडिलांच्या घराची ती प्रिंट माझ्या ट्रंकेत आहे. ओटा फोडल्यावर त्यांनी ती मागून घेतली होती आणि कुंपणाबाहेर दोन फुटांची पट्टी पिवळ्या शाईनं रंगवायला लावली होती. मी म्हणालो, नकाशात तर ओटा नव्हताच. "होता ना," ते म्हणाले, "दाखवला नव्हता."