पोर्ट लुईसमार्गे दलाल स्ट्रीट

१९८२ साली भारत आणि मॉरिशसने दुहेरी कर टाळण्याचा करार केला. शेअरविक्रीच्या नफ्यावर कर लावण्याचा हक्क त्यात गुंतवणूकदाराच्या देशाला मिळाला. आणि मॉरिशसमध्ये असा करच नव्हता! दुहेरी टळला, एकेरीही टळला.

१९९०च्या दशकात भारतीय शेअर बाजार परदेशी पैशाला खुला झाला, तशा मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईसमध्ये, कागदी कंपन्या उगवल्या. २००० साली केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून या सवलतीसाठी तिथल्या रहिवासाचा दाखला पुरेसा मानला. दिल्ली उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले, पण २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरले.

म्हणजे सगळे कायदेशीर, अगदी सही-शिक्क्यानिशी.

२०१६ मध्ये करार बदलला. १ एप्रिल २०१७पासून घेतलेल्या शेअरांवरील नफा भारताच्या करकक्षेत आला. आधीची खरेदी मात्र सुटली.